अर्थशास्त्राचा पहिला महाविद्यालयीन अभ्यासक्रम: तयारी, अभ्यास आणि परीक्षा

अर्थशास्त्राच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमाची खरी अडचण अशी आहे, की तो ऐकताना सोपा वाटतो. किंमत, मागणी, बचत, गुंतवणूक, महागाई हे शब्द प्रत्येकाच्या कानांवरून गेलेले असतात, शिक्षकांनी फळ्यावर दोन रेषा काढून सांगितलेले लगेच पटते आणि विद्यार्थी समाधानाने वही मिटतो. परीक्षेत मात्र तीच आकृती कोऱ्या कागदावर काढून, अमुक घटना घडली तर कोणती रेषा कोणत्या बाजूला सरकेल आणि का, हे लिहिण्याची वेळ येते तेव्हा हात थांबतो. त्यामुळे या विषयाचा अभ्यास पहिल्या आठवड्यापासून हाताने करावा लागतो: आकृती स्वतः काढून, उदाहरण स्वतः सोडवून आणि प्रत्येक वेळी स्वतःला दोन प्रश्न विचारून. नेमके काय बदलले? आणि बाकीचे काय स्थिर धरले आहे? हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लागली, की अभ्यासक्रमाचा बराच मोठा भाग आटोक्यात येतो, असे माझे ठाम मत आहे.

नाव नोंदवण्यापूर्वी

प्रास्ताविक अर्थशास्त्र बहुतेक ठिकाणी दोन भागांत शिकवले जाते. सूक्ष्म अर्थशास्त्रात एक ग्राहक, एक उत्पादनसंस्था आणि एक बाजारपेठ यांचा विचार होतो. समग्रलक्ष्यी अर्थशास्त्रात संपूर्ण देशाचे उत्पन्न, रोजगार, चलनवाढ (म्हणजे महागाई) आणि व्याजदर यांचा. कोणता भाग आधी घ्यायचा हे निवडण्याची मोकळीक असेल, तर सूक्ष्म अर्थशास्त्र आधी घ्यावे. समग्रलक्ष्यी भागातील एकूण मागणी आणि एकूण पुरवठा यांच्या आकृत्या दिसायला एका वस्तूच्या बाजारपेठेसारख्याच असल्या, तरी त्यांच्यामागची कारणे वेगळी असतात, आणि तो फरक ओळखण्यासाठी मूळ आकृती आधी पक्की झालेली असावी लागते.

अभ्यासक्रमाची रूपरेषा हाती आल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात: गुणांची विभागणी कशी आहे, साप्ताहिक स्वाध्यायांना किती महत्त्व आहे आणि गणित कोणत्या पातळीचे अपेक्षित आहे. काही महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम केवळ बीजगणितावर चालतो, काही ठिकाणी कलनशास्त्र वापरले जाते. ज्याचे गणित कच्चे आहे त्याने घाबरून विषय सोडण्याचे कारण नाही. मात्र सरळ रेषेचा उतार काढणे, दोन समीकरणे एकत्र सोडवणे, त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढणे आणि शेकडेवारी या चार गोष्टींची उजळणी वर्ग सुरू होण्यापूर्वीच करावी. शेकडेवारीबाबत विशेष काळजी घ्यावी. व्याजदर ४ टक्क्यांवरून ५ टक्के झाला तर वाढ एका टक्केबिंदूची असते, पण मूळ दराच्या तुलनेत ती २५ टक्के असते. या दोहोंत गल्लत केली की पुढचे सगळे उत्तर चुकते.

आकृतीचे अक्षही आधीच समजून घ्यावेत. गणितात ज्या राशीमुळे दुसरी राशी बदलते ती सामान्यतः आडव्या अक्षावर घेतात. अर्थशास्त्रात किमतीनुसार नगसंख्या बदलते असे शिकवले जाते, तरीही किंमत उभ्या अक्षावर असते. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथानंतर हीच रीत रूढ झाली. विज्ञान शाखेतून आलेल्या विद्यार्थ्यांचा येथे सुरुवातीला गोंधळ होतो, पण ही केवळ प्रथा आहे हे ध्यानात घेतले की तो दूर होतो.

मागणी आणि पुरवठा: येथे घाई करू नये

पहिल्या काही आठवड्यांत येणारे मागणी-पुरवठ्याचे प्रकरण अनेकांना इतके सोपे वाटते, की ते पुढच्या कठीण प्रकरणांची वाट पाहत बसतात. वस्तुतः पुढची जवळजवळ सगळी प्रकरणे याच आकृतीवर उभी असतात. म्हणून वेळ द्यायचा तो येथे द्यावा.

मागणी वक्र म्हणजे कोणत्या किमतीला किती नग मागितले जातील हे दाखवणारी रेषा; पुरवठा वक्र विक्रेत्यांबाबत तेच दाखवतो. सर्वांत महत्त्वाचा भेद मागणी वक्रावरून सरकणे आणि संपूर्ण वक्रच सरकणे यांतील आहे. सायकलींची किंमत उतरली आणि लोकांनी अधिक सायकली घेतल्या, तर मागणी वक्र जागचा हलत नाही. आपण त्याच वक्रावर एका बिंदूवरून खालच्या बिंदूवर येतो. पेट्रोल महागले आणि त्यामुळे सायकलींना पूर्वीच्याच किमतीला अधिक गिऱ्हाईक मिळू लागले, तर संपूर्ण मागणी वक्र उजवीकडे सरकतो. पहिल्या प्रसंगी सायकलीची स्वतःची किंमत बदलली. दुसऱ्या प्रसंगी, जे स्थिर धरले होते त्यांपैकी काहीतरी बदलले. उत्पन्न, आवडनिवड, पर्यायी व पूरक वस्तूंच्या किमती, भविष्याविषयीच्या अपेक्षा आणि ग्राहकांची संख्या हे घटक मागणी वक्र काढताना स्थिर धरलेले असतात. त्यांतील एखादा बदलला की वक्र सरकतो.

हा भेद धूसर राहिला, तर एक चुकीची साखळी हमखास लिहिली जाते: मागणी वाढली म्हणून किंमत वाढली, किंमत वाढली म्हणून मागणी घटली, मागणी घटली म्हणून किंमत पुन्हा उतरली. ही साखळी कधी संपतच नाही, आणि तिच्यातून काय निष्पन्न झाले हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. प्रत्यक्षात मागणी वक्र उजवीकडे सरकल्यावर जुन्या किमतीला वस्तूचा तुटवडा निर्माण होतो, त्यामुळे किंमत चढते, चढत्या किमतीमुळे विक्रेते आपल्या पुरवठा वक्रावरून वर सरकतात, ग्राहक आपल्या नव्या मागणी वक्रावरून मागे येतात आणि नव्या समतोल बिंदूवर, म्हणजे मागणी आणि पुरवठा सारखे होतात तेथे, प्रक्रिया थांबते. किंमत आणि नगसंख्या दोन्ही पूर्वीपेक्षा अधिक राहतात. उत्तर लिहिताना कोणता वक्र सरकला, कोणत्या बाजूला, जुन्या किमतीला काय घडले आणि नवा समतोल कुठे आला, हा क्रम सोडू नये.

दोन्ही वक्र एकाच वेळी सरकणारे प्रश्न मुद्दाम सोडवावेत. मागणी आणि पुरवठा दोन्ही वाढले तर नगसंख्या निश्चित वाढते, पण किंमत वाढेल की घटेल हे वक्र किती सरकले यावर अवलंबून असते. अशा वेळी ‘दिलेल्या माहितीवरून किमतीची दिशा सांगता येत नाही’ हेच अचूक उत्तर असते, आणि ते कारणासह निःसंकोच लिहावे.

आकृतीसोबत आकडेही हाताळावेत. मागणी = १०० − २ × किंमत आणि पुरवठा = २० + २ × किंमत अशी समीकरणे घेतली, तर समतोल किंमत २० आणि नगसंख्या ६० येते. आता विक्रेत्यावर प्रत्येक नगामागे ४ इतका कर लावला असे समजा. विक्रेत्याच्या हाती किंमत वजा ४ एवढेच पडते, म्हणून पुरवठा = २० + २ × (किंमत − ४) असा होतो. समीकरण सोडवल्यास ग्राहक २२ देतो, विक्रेत्याला १८ मिळतात आणि ५६ नग विकले जातात. कर विक्रेत्यावर लावला होता, तरी भार दोघांनी निम्मा-निम्मा उचलला. यानंतर पुरवठ्याचे समीकरण ५० + ०.५ × किंमत असे बदलून हेच उदाहरण पुन्हा करावे. करापूर्वीचा समतोल पूर्वीइतकाच, म्हणजे २० आणि ६० येतो. पण त्याच करानंतर ग्राहक २०.८ देतो आणि विक्रेत्याच्या हाती १६.८ पडतात. किमतीला कमी प्रतिसाद देणाऱ्या बाजूवर कराचा अधिक भार पडतो, हे वाक्य पाठ करण्यापेक्षा ही दोन उदाहरणे एकदा कागदावर सोडवली तर ते कायमचे लक्षात राहते.

लवचिकतेच्या, म्हणजे किंमत एक टक्का बदलली तर मागणी किती टक्के बदलते याच्या, प्रकरणातही हाच मार्ग धरावा. किंमत १० वरून १२ झाली आणि मागणी १०० नगांवरून ९० वर आली, तर मूळ आकड्यांवरून काढलेली लवचिकता ०.५ येते, उलट दिशेने, १२ वरून १० असे मोजले, तर ती सुमारे ०.६७ येते. बदल तोच असताना दोन उत्तरे येऊ नयेत म्हणून मध्यबिंदू पद्धत वापरतात. तिने दोन्ही दिशांनी सुमारे ०.५८ हेच उत्तर मिळते. आपल्या अभ्यासक्रमात कोणती पद्धत अपेक्षित आहे हे शिक्षकांना आधीच विचारून घ्यावे. तसेच उतार आणि लवचिकता एकच नव्हेत: सरळ रेषेच्या मागणी वक्राचा उतार सर्वत्र सारखा असतो, लवचिकता मात्र बिंदूगणिक बदलत जाते.

सीमान्त विचार आणि सोडून दिलेला पर्याय

यानंतर ज्या कल्पनेवर खरे कष्ट घ्यावे लागतात ती म्हणजे सीमान्त विचार, म्हणजे आणखी एका नगाने काय बदलेल हा प्रश्न. सरासरी आणि सीमान्त यांचा संबंध परीक्षेतील गुणांवरून चांगला समजतो. चार चाचण्यांची सरासरी ६० असलेल्या विद्यार्थ्याला पाचव्या चाचणीत ७० मिळाले तर सरासरी ६२ होते. सहाव्या चाचणीत ६५ मिळाले तर ती ६२.५ होते. शेवटचे गुण ७० वरून ६५ वर घसरले, तरी ते सरासरीपेक्षा अधिक असल्यामुळे सरासरी वाढली. सीमान्त खर्चाचा वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला त्याच्या नीचतम बिंदूत का छेदतो, याचे कारण यातच आहे.

खर्च म्हणजे केवळ हातून गेलेला पैसा नव्हे, तर निवड करताना सोडून दिलेला सर्वोत्तम पर्याय, ही वैकल्पिक खर्चाची कल्पना पहिल्याच आठवड्यात येते आणि शेवटपर्यंत साथ सोडत नाही. पूर्ण स्पर्धेत (असंख्य विक्रेते एकसारखीच वस्तू विकतात आणि एकट्याला किंमत ठरवता येत नाही तेव्हा) दीर्घकाळात आर्थिक नफा शून्य होतो, असे ऐकल्यावर मग उत्पादनसंस्था चालतेच कशी, असा प्रश्न पडतो. मालकाच्या वेळेचा आणि भांडवलाचा वैकल्पिक खर्च आधीच खर्चात धरलेला असतो, हे लक्षात आले की उत्तर सापडते: हिशोबाच्या वहीतील नफा तेव्हाही असतो, पण तो दुसरीकडे मिळाला असता तेवढाच असतो.

डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेला तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त, म्हणजे जी वस्तू बनवताना दुसऱ्यापेक्षा कमी सोडावे लागते ती बनवावी हा विचार, याच कल्पनेवर उभा आहे. त्यांच्या प्रसिद्ध उदाहरणात ठरावीक कापडासाठी इंग्लंडला १०० आणि पोर्तुगालला ९० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, तर ठरावीक मद्यासाठी इंग्लंडला १२० आणि पोर्तुगालला ८० माणसांचे. दोन्ही वस्तू पोर्तुगाल कमी श्रमांत बनवतो, तरीही व्यापारात दोघांचा लाभ होतो, कारण मद्याच्या एका नगासाठी इंग्लंडला कापडाचे १.२ नग सोडावे लागतात आणि पोर्तुगालला सुमारे ०.८९. स्वाध्यायात असा प्रश्न आला की कोष्टकात एका नगासाठी लागणारे श्रम दिले आहेत की एका तासात तयार होणारे नग, हे सर्वप्रथम पाहावे. या दोन प्रकारांत भागाकार उलट होतो, आणि बहुतेक चुका तेथेच होतात.

आठवड्याचा अभ्यास

वर्गाला जाण्यापूर्वी संबंधित प्रकरण एकदा वरवर वाचावे. सगळे समजले पाहिजे असा आग्रह धरू नये. वर्गात फळ्यावरची आकृती तयार झाल्यावर उतरवण्यापेक्षा शिक्षक ज्या क्रमाने काढतात त्याच क्रमाने काढावी, कारण कार्यकारणाचा क्रम आकृतीच्या क्रमात असतो. त्याच दिवशी संध्याकाळी वही न उघडता ती आकृती पुन्हा काढावी आणि तिच्याखाली चार-पाच पूर्ण वाक्यांत स्पष्टीकरण लिहावे. जेथे वाक्य अडते तेथे समज अपुरी आहे असे मानावे आणि तेवढाच भाग परत वाचावा. पाठ्यपुस्तकातील ओळी रंगीत पेनाने ठळक करण्यात जाणारा वेळ या कामाला दिला, तर त्याचे फळ कितीतरी अधिक मिळते.

स्वाध्याय सोडवताना उत्तरे शेजारी ठेवू नयेत. तयार उत्तर वाचताना प्रत्येक पायरी बरोबर वाटते, पण पुढची पायरी कोणती हे सुचण्याचा सराव त्यातून होत नाही; उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले असो वा संगणकाने लिहून दिलेले असो. प्रश्न सुटत नसेल तर अर्धा तास झगडावे, कुठे अडले ते एका वाक्यात लिहावे आणि ते वाक्य घेऊन शिक्षकांकडे जावे. ‘मला मक्तेदारी समजत नाही’ असे सांगण्यापेक्षा ‘मक्तेदाराचे सीमान्त उत्पन्न किमतीपेक्षा कमी का असते, हे मला सांगता येत नाही’ असे सांगितले, तर शिक्षकांना नेमकी मदत करता येते.

मित्रांसोबत अभ्यास करायचा असेल तर तो आधी एकट्याने करून मग एकत्र बसावे. एकाने आकृती काढून समजावावी आणि दुसऱ्याने प्रत्येक पायरीला ‘का’ असे विचारावे. आठवड्यातून एकदा वर्तमानपत्रातील एखादी आर्थिक बातमी निवडून, तिच्यात कोणती बाजारपेठ आहे, कोणता वक्र सरकला आणि बातमीतील निष्कर्ष त्यातून निघतो का, हे लिहून काढावे.

समग्रलक्ष्यी भागात काय सांभाळावे

या भागात व्याख्यांना असाधारण महत्त्व आहे. अर्थशास्त्रात गुंतवणूक म्हणजे नवी यंत्रे, इमारती आणि मालाच्या साठ्यातील वाढ. आधीच बाजारात असलेले शेअर विकत घेणे ही राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबात गुंतवणूक ठरत नाही. चलनवाढीचा दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असे नाही; त्या पूर्वीपेक्षा संथ गतीने वाढत आहेत एवढाच त्याचा अर्थ. नाममात्र उत्पन्न (चालू किमतींनी मोजलेले) ८ टक्क्यांनी वाढले आणि किमती ५ टक्क्यांनी वाढल्या तर वास्तव वाढ (महागाई वजा जाता) सुमारे ३ टक्के असते.

जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या विचारांवर या भागाचा मोठा हिस्सा आधारलेला आहे. त्यातील गुणकाचे, म्हणजे सुरुवातीच्या खर्चवाढीच्या किती पट एकूण उत्पन्न वाढते याचे, सूत्र सोपे आहे: वाढीव उत्पन्नापैकी ०.८ भाग खर्च होत असेल तर गुणक ५ येतो. मात्र हे उत्तर कर, आयात आणि किमतींतील बदल बाजूला ठेवून मिळालेले असते, आणि ते विचारात घेतले की गुणक लहान होतो. काय स्थिर धरले आहे, हा प्रश्न येथेही सोडू नये. शक्य असल्यास एखाद्या देशाची उत्पन्न, महागाई आणि बेरोजगारी यांची दहा-वीस वर्षांची आकडेवारी जागतिक बँकेच्या खुल्या संग्रहातून घेऊन स्वतः आलेख काढावा. पुस्तकातील गुळगुळीत वक्र आणि खरी आकडेवारी यांतील अंतर पाहिल्यावर दोन्हींविषयीचा आदर वाढतो.

गृहीतके पटत नाहीत तेव्हा

‘माणसे इतकी हिशोबी नसतात’ ही तक्रार प्रत्येक वर्गात होते, आणि ती रास्त आहे. पण त्यामुळे प्रतिमान (गृहीतकांवर उभे केलेले वास्तवाचे सोपे चित्र) टाकून देण्याऐवजी, हे गृहीतक बदलले तर कोणता निष्कर्ष बदलेल, असे विचारावे. अर्थशास्त्राची प्रगती याच प्रश्नातून झाली आहे. खरेदीदार आणि विक्रेता यांना सारखीच माहिती असते हे गृहीतक जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारपेठेचे उदाहरण घेऊन बाजूला ठेवले आणि चांगल्या मोटारी बाजारातून कशा हद्दपार होतात हे दाखवले. किमान वेतन वाढवल्यास रोजगार घटतो असे साधी आकृती सांगते. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी १९९४ मध्ये किमान वेतन वाढवलेल्या न्यू जर्सी आणि ते न वाढवलेल्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील उपाहारगृहांची तुलना केली तेव्हा तशी घट आढळली नाही, आणि त्या अभ्यासावरील वाद पुढे दीर्घकाळ चालला. परीक्षेत आधी साध्या प्रतिमानाचा निष्कर्ष नीट मांडावा आणि मगच त्याची मर्यादा सांगावी. पहिला भाग न लिहिता केलेली टीका परीक्षकाला अज्ञानासारखी दिसते.

तसेच काय आहे आणि काय असावे, ही दोन विधाने वेगळी ठेवावीत. ‘भाडेनियंत्रणाने घरांचा तुटवडा निर्माण होतो’ हे विधान पुराव्याने तपासता येते. ‘भाडेनियंत्रण असू नये’ या विधानात मूल्यांचा निर्णय मिसळलेला असतो. स्वतःची राजकीय मते कितीही ठाम असली, तरी उत्तरात हा भेद पाळावा.

परीक्षा

परीक्षेच्या किमान दोन आठवडे आधी जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्यात. आकृतीत अक्षांची नावे, वक्रांची नावे, जुना व नवा समतोल आणि सरकण्याची दिशा दाखवणारे बाण असलेच पाहिजेत. नावे नसलेल्या सुंदर आकृतीपेक्षा नावे असलेली ओबडधोबड आकृती अधिक गुण मिळवते. वर्णनात्मक उत्तरात आकृतीचा उल्लेख वाक्यातून करावा, ती केवळ शेजारी चिकटवल्यासारखी राहू नये. बहुपर्यायी प्रश्नात पर्याय वाचण्यापूर्वी कच्च्या कागदावर छोटी आकृती काढून उत्तर ठरवावे, कारण चुकीचे पर्याय नेहमीच्या गल्लतींवरूनच बेतलेले असतात आणि आकृतीशिवाय ते खरे वाटतात. गणिती उत्तर आल्यावर त्याची दिशा तपासावी: कर लावल्यावर ग्राहकाची किंमत उतरलेली दिसत असेल, तर बहुधा चिन्हात चूक झाली आहे.

उत्तरपत्रिका परत मिळाल्यास गुण पाहून ती बाजूला ठेवू नये. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर, व्याख्या चुकली, वक्र चुकीचा सरकवला की गणित चुकले, हे लिहावे. पुढच्या परीक्षेची तयारी कुठून सुरू करायची ते त्यावरून कळते. विषय पुढे घ्यायचा असेल, तर सुट्टीत कलनशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचे प्राथमिक धडे करावेत. एकूण खर्चाच्या सूत्राचे अवकलन केले की सीमान्त खर्च मिळतो, त्यामुळे पहिल्या अभ्यासक्रमात आकृत्यांनी शिकलेले बरेच काही दुसऱ्यात दोन ओळींत सोडवता येते.